रेडवुड व्हिस्कोमीटर नंबर १ : सरकीच्या रिफायनरीत दोन हिवाळे वापरल्यावर

मी जळगावला एमआयडीसीत सरकीचं तेल रिफाइन करणाऱ्या एका मध्यम कारखान्यात केमिस्ट आहे. एकोणीस वर्षं झाली. माझं रोजचं काम खायच्या तेलाचं. कच्च्या तेलातली आम्लता काढायची, लोविबॉन्डवर रंग बघायचा, पेंडेत किती तेल राहिलं ते मोजायचं. काळ्या तेलाशी, म्हणजे फर्नेस ऑईलशी, माझा संबंध हीटरच्या शेडवरून जाता-येता नाकात शिरणाऱ्या वासापुरताच होता. ते तेल आमच्या थर्मिक फ्लुइड हीटरला लागतं आणि हीटर लागतो डिओडोरायझरला. सरकीच्या तेलाचा वास घालवायचा तर ते अडीचशे अंशांच्या आसपास तापवावं लागतं. हीटर बसला की अख्खी रिफायनरी बसते.

गेल्या हिवाळ्यात, जानेवारीत, तो तीन आठवड्यांत चार वेळा बसला. आमचे हीटर ऑपरेटर, सगळे त्यांना नाना म्हणतात, मूळचे अमळनेरकडचे. चौथ्या वेळी सकाळी सात वाजता ते थेट माझ्या लॅबच्या दारात येऊन उभे राहिले. हात कोपरापर्यंत काळे. म्हणाले, ‘ताई, तेल भलतं जाड शे. पंप उचलीच नई ऱ्हायना. उचललं तं बर्नर काया धूर फेकी ऱ्हायना.’ मालकांनी व्यापाऱ्याला फोन लावला होता. त्याचं उत्तर ठरलेलं: तेल चांगलंच आहे, तुमचा बर्नर जुना झाला. सोबत दिलेल्या कागदावर ५० अंशाला १८० सेंटीस्टोक असं लिहिलेलं होतं. सेंटीस्टोक हे जाडपणाचं माप, आकडा मोठा तितकं तेल जाड. आमच्याकडे त्या कागदाला द्यायला उत्तर नव्हतं. नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवायचा तर रिपोर्टला आठवडा लागायचा, आणि आठवड्यात निम्मा टँकर जळून जायचा.

त्या दुपारी मी मालकांकडून रेडवुड व्हिस्कोमीटरची, म्हणजे तेलाचा जाडपणा मोजायच्या यंत्राची, मंजुरी घेतली. अंबाल्यात बनलेला, वीज-हीटरसकट, जीएसटी आणि ट्रान्सपोर्ट धरून साडेबारा हजारांत घरपोच झाला. दोन हिवाळे आणि एक उन्हाळा मी तो वापरला आहे. लहान कारखान्यांतल्या माझ्यासारख्या लोकांनी तो घ्यावा असं मला मनापासून वाटतं. पण त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची आणि काय नाही, हे कॅटलॉगमध्ये कुठे लिहिलेलं नसतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी वस्तू काय आहे ते. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल केलेल्या मुलांनी तो पाहिलेला असतो आणि परीक्षा झाल्यावर विसरलेला असतो. मधोमध पितळेचा, आतून चांदीचा मुलामा दिलेला तेलाचा प्याला. त्याच्या बुडाला अकीकाचं छिद्र. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडात सापडतो तोच अकीक. कठीण असतो, झिजत नाही, म्हणून जेटसाठी, म्हणजे या छिद्रासाठी, वापरतात. छिद्राची रुंदी १.६२ मिलिमीटर, लांबी १० मिलिमीटर. त्यावर दांडीला लावलेली गोळी बसते, ती उचलली की तेल वाहू लागतं. प्याल्यात एक वळलेली सुई असते, तिच्या टोकाला टेकेपर्यंत तेल भरायचं. भोवती पाण्याची टाकी, ढवळायला पंखे, खाली तीन पाय, त्यांना लेव्हलचे स्क्रू. खाली ५० मिलीचा अरुंद मानेचा फ्लास्क ठेवायचा. गोळी उचलायची, स्टॉपवॉच दाबायचं, तेल खुणेला पोचलं की थांबवायचं. जितके सेकंद, तितके ‘रेडवुड सेकंद’. बस, एवढंच यंत्र आहे.

सर बोव्हर्टन रेडवुड या ब्रिटिश पेट्रोलियम तज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे बनवलं. तेव्हा अमेरिकेत सेबोल्टचा प्याला चालायचा, जर्मनीत एंग्लरचा, इंग्लंडात आणि म्हणून आपल्याकडे रेडवुडचा. जहाजांच्या इंधनाच्या धंद्यात जुने लोक अजून ‘१५०० सेकंदांचं तेल’ म्हणतात, ते हेच सेकंद, १०० फॅरनहाइटला मोजलेले.

हा १५००चा आकडा मला फार उपयोगी पडला, म्हणून त्याच्यापाशी थोडं थांबते. १०० फॅरनहाइट म्हणजे ३७.८ सेल्सिअस. या तापमानाला ज्या तेलाला १५०० सेकंद लागतात, तेच तेल ५० सेल्सिअसला साधारण ७३० सेकंदांत उतरतं. बारा अंशांत निम्म्याहून कमी! फर्नेस ऑईलची ‘१८० सेंटीस्टोक’ ही खरेदी-विक्रीची ओळख म्हणजे हे ५० अंशांवरचे ७३० सेकंद. सूत्र सोपं आहे: शंभर सेकंदांच्या वर असाल तर सेकंदांना ०.२४७ ने गुणा आणि ५० भागिले सेकंद एवढे वजा करा, की सेंटीस्टोक मिळतात. मोठ्या आकड्याला ती वजाबाकी नगण्यच असते. शंभराच्या आत असाल तर गुणक ०.२६ आणि वजाबाकी १७९ भागिले सेकंद.

आता हे आपल्या खानदेशात आणून बघा. मे महिन्यात जळगावची हवाच ४५ अंशांवर जाते. त्या हवेत १८०चं तेल टाकीत नुसतं उभं असलं तरी २४० सेंटीस्टोकच्या आसपास असतं, पंप ते आनंदाने उचलतो. जानेवारीच्या पहाटे पारा दहावर येतो तेव्हा तेच तेल तीन हजारांच्या वर गेलेलं असतं. मी दोन तापमानांना मोजून आलेखावर रेघ ओढून हे आकडे काढले आणि नानांना दाखवले. त्यांनी कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला. उन्हाळ्यात शहाण्यासारखा चालणारा पंप हिवाळ्यात का रडतो, हे त्यांना वीस वर्षांच्या सवयीने ठाऊक होतं. किती रडतो, ते त्या दिवशी कळलं. मुंबईत किंवा गुजरातच्या किनाऱ्यावर बसलेल्या माणसाला वर्षभर एकाच हीटिंगवर भागवता येत असेल. आपल्याकडे मे आणि जानेवारी यांत चौदापट फरक पडतो, आपल्याला ते परवडत नाही.

पहिलं मोजमाप मला अजून आठवतं. लॅबच्या खिडक्या उघड्या टाकल्या होत्या. तेल आधी गरम करून जाळीतून गाळून घेतलं, कारण त्यात गंजाचे कण असतात आणि दीड मिलिमीटरच्या छिद्राला एक कणही पुरतो. पाण्याची टाकी ५० अंशांवर आणली, तेल ५० वर यायला आणखी वीस मिनिटं गेली. गोळी उचलल्यावर काळा धागा खाली आला. धागा म्हणजे अक्षरशः धागा, शिवणाच्या दोऱ्याएवढा, न तुटता फ्लास्कच्या मानेतून आत जाणारा, आणि तळाशी टेकल्यावर गोल गोल वेटोळी घालत बसणारा. काकवी ताटात सोडली की अशीच बसते. नाना मोबाईल हातात धरून उभे होते. दहा मिनिटं झाली, बारा झाली. १८०चं असतं तर इथे संपायला हवं होतं. फ्लास्क अर्ध्याच्या थोडाच वर होता. सतरा, वीस. पुढे प्याल्यातली पातळी खाली गेली तसा धागा आणखी बारीक झाला. तेविसाव्या मिनिटानंतर चाळीस सेकंदांनी तेल खुणेला लागलं.

१४२० सेकंद, म्हणजे ३५० सेंटीस्टोक.

आपल्याकडच्या मानकाप्रमाणे, आयएस १५९३ प्रमाणे, फर्नेस ऑईलचे चार प्रकार आहेत. ५० अंशांवर ८० सेंटीस्टोकपर्यंत एलव्ही (कमी जाड), ८० ते १२५ एमव्ही-१ आणि १२५ ते १८० एमव्ही-२ (मध्यम), आणि १८० ते ३७० एचव्ही (जास्त जाड). आम्ही पैसे एमव्ही-२चे मोजत होतो आणि जाळत होतो एचव्ही. एचव्ही वाईट तेल नसतं. ज्यांचा प्रीहीटर, म्हणजे बर्नरला देण्याआधी तेल तापवणारा हीटर, तेवढा दमदार आहे ते खुशाल जाळतात. बर्नरच्या नोझलला तेल १५ ते २० सेंटीस्टोकला द्यावं लागतं, तरच त्याचा बारीक फवारा उडतो. १८०च्या तेलाला त्यासाठी ११० अंश पुरतात. ३५०च्या तेलाला आणखी तापवावं लागतं, आणि आमच्या प्रीहीटरची ती ताकद नव्हती. म्हणून थेंब जाड पडत होते, अर्धवट जळत होते, नोझलवर कोळसा धरत होता. बर्नर जुना नव्हता. मालकांनी आकडा सांगितल्यावर व्यापाऱ्याच्या बोलण्याचा सूर बदलला. त्याने टँकर परत नेला नाही, पण पुढचा टँकर एमव्ही-२चाच देईन असं कबूल केलं आणि दरातही फरक दिला. यंत्राची किंमत त्या एका फोनमध्ये वसूल झाली.

आता तक्रारी. पहिली, सोबत आलेले थर्मामीटर. दोनपैकी एक दोन अंश जास्त दाखवत होता. मला शंका आली म्हणून लॅबमधला कॅलिब्रेट केलेला थर्मामीटर शेजारी बुडवून पाहिला. दोन अंश म्हणजे काही नाही असं वाटेल. पण थर्मामीटर ५० दाखवतोय आणि तेल खरं ४८ वर आहे असं झालं, तर १८०चं तेल २०० निघतं. चांगल्या माणसाचं चांगलं तेल तुम्ही परत पाठवाल. त्यामुळे यंत्र घेतल्या घेतल्या पहिला खर्च चांगल्या थर्मामीटरचा धरा, सहाशे-सातशे रुपये जास्तीचे. दुसरी, गोळी नीट बसत नव्हती, बंद असतानाही थेंब गळत होता. तीन फोन केल्यावर दुसरी गोळी आली, ती चांगली बसली. तिसरी, पाण्याच्या टाकीच्या हीटरला नीट नियंत्रण नाही. ५० वर सोडला तर ५४ वर जाऊन उभा राहतो. मी ४७ वर बंद करते आणि ढवळत राहते, मग बरोबर येतो. सवयीने जमतं, पण या किमतीत साधा थर्मोस्टॅट द्यायला हरकत नव्हती. स्टॉपवॉच देत नाहीत, ते ठीक आहे. टाकी गरम करायला गॅसची शेगडी मात्र कुणीही वापरू नका. या तेलाचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे त्याची वाफ पेट घेऊ शकते ते तापमान, ६६ अंशांपासून पुढे असतो आणि प्याला उघडा असतो.

चौथी गोष्ट यंत्राची तक्रार नाही, माझ्या हातून झालेली चूक आहे. पण त्या चुकीने मला या तेलाबद्दल जेवढं शिकवलं तेवढं कशानेच नाही.

आमच्या लॅबमध्ये हेक्झेन कायम असतं. पेंडेतलं तेल सॉक्स्लेटने काढायला तेच लागतं. तेलकट भांडं दिसलं की हेक्झेनने धुवायचं, ही एकोणीस वर्षांची सवय. पहिल्या दिवशीचं मोजमाप झाल्यावर मी रेडवुडचा प्यालाही हेक्झेनने खळखळून धुतला. सरकीचं तेल हेक्झेनमध्ये एका क्षणात विरघळतं. इथे पाहते तर हेक्झेन तपकिरी झालं आणि त्यात बारीक काळी भुकटी तरंगायला लागली. काजळी फुंकून टाकल्यासारखी. ती चांदीच्या मुलाम्याला चिकटली, गोळीच्या बैठकीत बसली. जितकं हेक्झेन ओतलं तितकी भुकटी वाढली. मी कापसाने पुसून काढली आणि दुसऱ्या दिवशी त्याच तेलाचा दुसरा नमुना लावला. १४६५ सेकंद! तेच तेल, तेच तापमान, पंचेचाळीस सेकंद जास्त. पुन्हा लावला, तेवढेच. जेटच्या आत भुकटीचा पातळ थर बसला होता.

माझा भाचा आमच्या इथल्याच, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत शिकला आणि आता गुजरातेत तेलाच्या क्षेत्रात नोकरीला आहे. त्या रविवारी तो भरीत-पुरीसाठी घरी आला होता. मी त्याला हे सांगितलं तर तो जेवता जेवता थांबला. म्हणाला, ‘मावशी, तू अस्फाल्टीन पाडलंस! हे काढायची प्रयोगशाळेतली पद्धतच ही आहे.’

त्याने पुढे तासभर मला जे सांगितलं ते मी तेव्हा वहीत उतरवलं आणि नंतर वाचून ताडून पाहिलं. जड तेलात एक काळा भाग असतो तो हेप्टेन-हेक्झेनसारख्या सरळ साखळीच्या द्रावकात विरघळत नाही, पण टोल्यूनमध्ये विरघळतो. त्याची व्याख्याच ही: अमुक रेणू म्हणजे अस्फाल्टीन असं नाही, तर अमुक द्रावकात न विरघळणारं ते अस्फाल्टीन. नाव १८३७ सालचं आहे, बूसिंगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दिलेलं. आणि नाव ठेवल्यावर दीडशेहून जास्त वर्षं याचा रेणू केवढा यावरच भांडण चाललं. कुणाच्या मोजणीत रेणुभार हजाराच्या घरात यायचा, कुणाच्या लाखाच्या. कारण हे रेणू एकमेकांना चिकटून गुच्छ करतात. मोजणारा गुच्छ मोजायचा आणि रेणू मोजला असं धरून चालायचा. आता साडेसातशेच्या आसपास हा आकडा मान्य झाला आहे. त्यांची रचना मांडणाऱ्या नमुन्याला दोघांचं नाव आहे: साठच्या दशकात ज्याने पाया घातला तो तेह फू येन, आणि श्लुम्बर्जे कंपनीच्या प्रयोगशाळेतला ऑलिव्हर मलिन्स, ज्याने २०१० साली तो आजच्या रूपात मांडला. एक रेणू दीड नॅनोमीटरचा, थोडे रेणू चिकटून दोन नॅनोमीटरची थप्पी, थप्प्या मिळून पाच नॅनोमीटरचा झुबका. २०१५ साली झुरिकच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत सुईच्या टोकाने चाचपडून एकेका रेणूची प्रतिमाच घेतली. मधे षटकोनी कड्यांना कड्या जोडलेली चपटी ताटली, कडेला लहानमोठ्या शेपट्या. भाच्याने मोबाईलवर ती दाखवली. माझ्या प्याल्याला चिकटलेली काजळी अशी दिसते हे पाहून मला फार बरं वाटलं. का ते नीट सांगता येणार नाही. रोज हाताळायच्या वस्तूचा चेहरा पहिल्यांदा दिसावा, तसं काहीसं.

आणि हे संशोधन नुसतं कुतूहलाचं नाही. तेलाला जडपणा येतो त्यात या झुबक्यांचा मोठा वाटा आहे, आणि ते जमिनीतून वर आणताना, नळातून नेताना, टाकीत साठवताना कुठे खाली बसतील यावर कोट्यवधी रुपये अडकलेले असतात. म्हणून विद्यापीठं आणि कंपन्या यात हातात हात घालून आहेत. कॅनडात वाळूत मुरलेलं डांबरासारखं तेल आहे. ते काढायला दोन आडव्या विहिरी एकाखाली एक खणायच्या, वरच्या विहिरीत वाफ सोडायची आणि पातळ झालेलं तेल खालच्या विहिरीत गोळा करायचं, ही युक्ती रॉजर बटलरने इम्पिरिअल ऑईल कंपनीत असताना काढली आणि नंतर तो कॅलगरी विद्यापीठात शिकवायला गेला. आपल्या शेजारी मेहसाण्याला ओएनजीसीचं बालोल क्षेत्र आहे, तिथलं तेलही असंच जड. तिथे जमिनीखालीच थोडं तेल पेटवतात: वरून हवा सोडायची, आत जळतं ठेवायचं, त्या उष्णतेने बाकीचं तेल पातळ होऊन विहिरीकडे सरकतं. १९९० साली तिथे पहिला प्रयोग झाला आणि १९९७ पासून मोठ्या प्रमाणावर काम सुरू झालं. भुसावळहून सुरतेला जाणारी गाडी पकडली की पुढे एका दिवसाच्या वाटेवरची ही गोष्ट, आणि मी आयुष्यात ऐकली नव्हती. नाना प्रीहीटरचा नॉब फिरवतात ते आणि हे, मुळात एकच काम आहे. जड तेलाला ऊब द्यायची, म्हणजे ते चालायला लागतं.

तर यंत्राच्या सफाईचा धडा असा: काळ्या तेलाचा प्याला टोल्यूनने धुवा. टोल्यून नसेल तर आधी रॉकेलने किंवा डिझेलने बरंचसं तेल काढून घ्या आणि शेवटचं धुणं तरी टोल्यूनचंच ठेवा. हेक्झेन, पेट्रोलियम ईथर लावू नका. जेटमध्ये तार तर कधीच घालू नका. अकीक कठीण आहे, पण त्याच्या कडेचा टवका उडाला की सगळे सेकंद बदलतात. मी जाड सुती दोरा टोल्यूनमध्ये भिजवून आरपार ओढते. तसं केल्यावर तेच तेल पुन्हा १४२० ला आलं, आणि मला त्या रात्री शांत झोप लागली.

हेक्झेनचा हा धडा दुसऱ्या टँकरला असा काही उपयोगी पडला की बोलायची सोय नाही.

दुसरा टँकर फेब्रुवारीत आला. रेडवुडवर ६९० सेकंद, म्हणजे १७० सेंटीस्टोक. एमव्ही-२च्या मर्यादेत. मी पावतीवर सही केली आणि निश्चिंत झाले. चौथ्या दिवशी नाना फिल्टरची जाळी घेऊन आले. जाळीवर बोटभर जाडीचा काळा, मऊ, श्रीखंडासारखा गाळ. असा गाळ जड तेलाच्या वेळीही आला नव्हता. रेडवुडवर पुन्हा मोजलं, ६९० च्या आसपासच. तेल पातळ होतं, आकडा बरोबर होता, आणि तरी फिल्टर तासातासाला गच्च.

तेव्हा मला ती काजळी आठवली. मालकांनी पुन्हा व्यापाऱ्याला फोन लावला, आणि खोदून विचारल्यावर त्याने सांगितलं की जड तेल होतं, त्यात ‘कटर’ टाकून पातळ केलं होतं. कटर म्हणजे हलकं तेल, डिझेलच्या जातीचं. ते जर सरळ साखळीच्या अंगाचं असेल, तर टाकीत तेच घडतं जे माझ्या प्याल्यात हेक्झेनने घडलं. सेंटीस्टोक खाली येतात आणि अस्फाल्टीन गाळ होऊन बसतं. मला वाटत नाही त्याने मुद्दाम केलं. त्याला आकडा हवा होता, आम्हालाही आकडाच हवा होता. मधे तेलाचा विचार कुणी केला नाही.

रेडवुडला हे दिसत नाही. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण विकणारे सांगत नाहीत. तो एकच प्रश्न विचारतो: तू किती वेळात वाहतोस? तेल किती टिकेल, त्यात पाणी आहे का, गंधक किती, यातलं काहीही त्याला कळत नाही. या गाळासाठी एक साधी चाचणी आहे, ती भाच्याने फोनवर सांगितली आणि मी तेव्हापासून प्रत्येक टँकरला करते. तेल शंभर अंशांपर्यंत गरम करून नीट ढवळायचं, काचेच्या कांडीने एक थेंब गाळणकागदावर टाकायचा आणि कागद शंभर अंशांच्या ओव्हनमध्ये तासभर ठेवायचा. चांगलं तेल कागदावर एकसारखा तपकिरी ठिपका पसरवतं. बिघडलेल्या तेलाच्या ठिपक्यात मधोमध काळं वर्तुळ उठून दिसतं, बुबुळासारखं. त्या फेब्रुवारीच्या तेलाचा कागद मी जपून ठेवला आहे. वर्तुळ इतकं ठसठशीत आहे की कुणालाही दारातून दिसावं. दोन वेगळ्या टँकरचं तेल एका टाकीत ओतायच्या आधीही दोन्हींचं मिश्रण करून हा ठिपका पाहते. दोन तेलं एकेकटी चांगली असतात आणि एकत्र आली की फाटतात, हेही होतं.

पाण्यासाठी आमच्याकडे डीन-स्टार्क, म्हणजे तेलातलं पाणी मोजायचं काचेचं उपकरण, आहे. मानकात पाणी एक टक्क्यापर्यंत चालतं. ज्यांच्याकडे तो नाही त्यांनी तापलेल्या तव्यावर थेंब टाकून बघावा. तडतडला तर पाणी आहे. गाळणकागद, ओव्हन आणि तवा यांचा खर्च रेडवुडच्या मानाने काहीच नाही, आणि ते सोबत नसतील तर रेडवुड अर्धाच उपयोगी आहे.

आणखी एक मर्यादा. तेल फार थंड असेल किंवा त्यात मेण जास्त असेल तर ते साध्या द्रवासारखं वागत नाही. आधी ढवळलं होतं की नाही, किती वेळ स्वस्थ ठेवलं होतं, यावर सेकंद बदलतात. अशा तेलाला फिरत्या तबकडीचा रिओमीटर लागतो, त्याची किंमत लाखांत. ५० अंशांच्या फर्नेस ऑईलला हा प्रश्न येत नाही. तरी मी नमुना आधी ७० अंशांवर नेऊन, ढवळून, मग ५० वर आणते आणि तीन वेळा मोजते. तीनही आकडे दहा सेकंदांच्या आत आले तरच वहीत लिहिते.

नंबर १ घ्यावा की नंबर २, असं मला दोघांनी विचारलं. नंबर २चं छिद्र ३.८ मिलिमीटरचं, त्यातून तेल साधारण दहापट लवकर उतरतं, म्हणून फार जाड तेलाला तो. नंबर १वर दोन हजार सेकंदांच्या आतलं मोजावं असा नियम आहे. फर्नेस ऑईल ५० अंशांवर त्यात बसतं, एचव्हीसुद्धा पंचवीस मिनिटांत होतं. मी नंबर १च घ्या म्हणेन. वेळ लागतो खरा, पण वेळ जास्त तितकी चूक कमी. डिजिटलची चौकशीही मी केली होती. मला आलेली कोटेशनं यापेक्षा आठ-दहा पटींची होती आणि बिघडला तर दुरुस्तीला पुण्या-मुंबईला पाठवा. पितळेच्या प्याल्याला बिघडण्यासारखं फारसं काही नाही. मुख्य म्हणजे त्यात काय चाललंय ते दिसतं. व्यापाऱ्याचा ड्रायव्हर शेजारी उभा असतो, काळा धागा तोही बघतो, सेकंद तोही मोजतो. छापील आकड्यावर वाद होतो. डोळ्यांसमोर उतरलेल्या तेलावर झालेला मी अजून पाहिला नाही.

या हिवाळ्यात आम्ही पद्धत बदलली. टँकर गेटवर आला की नाना वरच्या, मधल्या आणि खालच्या थरातून तीन नमुने काढतात, एकत्र करून माझ्याकडे आणतात. पंधरा मिनिटं तापवायला, बारा मिनिटं वाहायला, तासभर ठिपक्याला. तोवर टँकर उभा, ड्रायव्हरला चहा. एमव्ही-२ निघालं आणि कागदावर वर्तुळ नसेल तरच नळी जोडायची. व्यापारी दुसरा धरला आहे; पहिल्या टँकरला तो दीड तास थांबायला कुरकुरला, आता स्वतःच विचारतो की किती आलं.

परवा पहाटे साडेपाचला टँकर आला तेव्हा बाहेर नऊ अंश होतं, नाना मफलर गुंडाळून माझी वाट बघत होते. ७०५ सेकंद आले. त्यांनी तो आकडा १७४ करून, मला न विचारता, टाकीच्या अंगावर खडूने लिहिला आणि खाली प्रीहीटरचं तापमान लिहिलं, ११०. मग नळी जोडायला गेले.